गाडीचं जन्मनाव

जुनी गाडी पाहायला मराठी माणूस सहसा एकटा जात नाही. बरोबर 'गाडीतलं कळणारे' कुणीतरी असतात. प्रत्येक घराण्यात असा एक जण असतोच. कुणाचा मेहुणा, कुणाचे शेजारचे काका, कुणाच्या मावसबहिणीचे यजमान. हे गृहस्थ आधी गाडीला एक प्रदक्षिणा घालतात. बुटाच्या टोकाने टायरला दोन ठोसे देतात. दार उघडून धाडकन लावतात आणि गवयाने तंबोऱ्याकडे लावावा तसा त्या आवाजाकडे कान लावतात. बॉनेट उघडून ऑइलची पट्टी उपसतात, बोटावर ऑइल चोळून पाहतात, 'हं' म्हणतात. त्या 'हं'चा अर्थ विचारायची कुणाची छाती नसते. मग एक चक्कर होते. परत आल्यावर चेहरा मुद्दाम आंबट करून ते "क्लच टेकलाय" एवढंच पुटपुटतात, पाच हजार कमी होतात आणि व्यवहार ठरतो. घरी आल्यावर गाडीला हार, चाकाखाली लिंबू आणि शेजारी पेढे.

या सगळ्या सोहळ्यात गाडीच्या पत्र्यावर ठोकलेली सतरा अक्षरं मात्र कुणी वाचत नाही. आरसी बुकात 'चॅसी नंबर' म्हणून जी आगगाडीसारखी लांबलचक ओळ असते, ती. २०२५ साली महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवायची धावपळ झाली, तेव्हा नोंदणीच्या अर्जात चॅसी नंबर विचारला गेला आणि दहा-दहा वर्षं गाडी वापरणाऱ्या माणसांनी तो आयुष्यात पहिल्यांदा शोधला. आमच्या सोसायटीत दोघांनी मला फोन करून "हा नंबर गाडीवर असतो की कागदावर?" असं विचारलं. मी बँकेत होते म्हणून मला विचारलं असावं. प्रश्न अगदी बरोबर होता. तो दोन्हीकडे असतो आणि दोन्हीकडे एकच असावा लागतो. जुन्या गाडीच्या व्यवहारातली निम्मी फसवणूक या एका अटीपाशी अडते, अर्थात कुणी पाहिलं तर.

नंबरप्लेट हे गाडीचं व्यवहारातलं नाव. ते सरकार देतं आणि ते बदलूही शकतं. बेळगावात नोंदलेली गाडी मालकाबरोबर कोल्हापुरात आली आणि बारा महिन्यांहून जास्त राहिली, की तिला महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो. 'केए' जाऊन 'एमएच' येतं. लग्नानंतर सासरी आलेल्या मुलीचं नाव ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून बदलायचे, तसंच हे. मुली आता ते मानायचं की नाही हे स्वतः ठरवतात, गाडीला ती सोय नाही. पण नाव कितीही वेळा बदललं तरी जन्मनाव एकच राहतं. चॅसी नंबर हे गाडीचं जन्मनाव. कारखान्यात ते तिच्या अंगावर ठोकलं जातं आणि भंगारात जाईपर्यंत तिच्याबरोबर राहतं.

या सतरा अक्षरांना व्याकरण आहे. पूर्वी प्रत्येक कारखाना आपल्या मनाने नंबर द्यायचा, कुणाचा लांब, कुणाचा आखूड. १९७७ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्याचा नमुना ठरवला आणि १९८१ पासून अमेरिकेने सतरा अक्षरं सक्तीची केली. आपल्याकडे हे हळूहळू आलं. नव्वदच्या दशकातल्या अनेक गाड्यांवर कारखान्याच्या जुन्या पद्धतीचे आखूड नंबर होते, त्यामुळे तशी एखादी गाडी दिसली तर लगेच दचकायचं कारण नाही. हल्लीच्या गाडीवर मात्र सतराच हवीत, सोळाही नकोत आणि अठराही नकोत. त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गल्लत करतात. कुणी दाखवलेल्या कागदावर चॅसी नंबरात 'ओ' दिसला, तर तो कागद लिहिणाऱ्याला निदान नंबर वाचता येत नाही एवढं नक्की.

पहिली तीन अक्षरं घराणं सांगतात. 'एम'ने सुरू होणारे नंबर आशियातल्या काही देशांचे, त्यांत 'एमए'पासून 'एमई'पर्यंतचे भारतातले. मारुतीच्या गाड्यांवर 'एमए३' दिसतं, टाटांच्या गाड्यांवर 'एमएटी', ह्युंदाईवर 'एमएएल', महिंद्रावर 'एमए१'. पुढची सहा अक्षरं गाडीचा प्रकार, इंजिन, बांधणी असं वर्णन करतात. उरलेली आठ त्या एकाच गाडीची. त्यांतही शेवटचे आकडे म्हणजे तिचा अनुक्रमांक. आरटीओच्या संकेतस्थळावर कुठलंही काम करताना चॅसी नंबराचे शेवटचे पाच आकडे विचारतात ते यासाठीच.

दहावं अक्षर विशेष मजेचं. बहुतेक कंपन्या तिथे वर्ष लिहितात. २०१० म्हणजे 'ए', २०११ म्हणजे 'बी', असं करत २०१८ला 'जे', २०१९ला 'के', २०२०ला 'एल'. घोटाळा नको म्हणून मधली काही अक्षरं गाळलेली आहेत. आता गंमत बघा. डिसेंबरात तयार झालेली गाडी कारखान्याच्या आवारात उभी राहते, मार्चमध्ये विकली जाते आणि नोंदणी नव्या वर्षाची होते. चार वर्षांनी मालक ती "एकोणीसचं मॉडेल" म्हणून विकायला काढतो. तो खोटं बोलत असतो असंही नाही, त्याला तसंच वाटत असतं. पण पत्र्यावर 'जे' असतो आणि आरसीवर निर्मितीचा महिनाही लिहिलेला असतो. वर्षाच्या फरकाने जुन्या गाडीची किंमत काही हजारांनी बदलते. सगळ्याच कंपन्या एकाच जागी वर्ष लिहितात असं नाही, म्हणून अक्षर आणि आरसीवरचा महिना दोन्ही ताडून पाहायचे. मला स्वतःला त्या एका अक्षराकडून घासाघीस करायला फार आवडते. "साहेब, गाडी अठराची आहे" हे वाक्य क्लचपेक्षा जास्त पैसे वाचवतं.

अमेरिकेतल्या गाड्यांत नववं अक्षर पडताळणीचं असतं. बाकीच्या सोळा अक्षरांवर ठरलेला गुणाकार-भागाकार केला की तेच उत्तर यायला हवं, नाहीतर नंबर चुकीचा किंवा बनावट. आम्हा बँकवाल्यांना असे आकडे नवीन नाहीत, क्रेडिट कार्डाचा शेवटचा आकडा तेच काम करतो. आपल्याकडे मात्र ही पडताळणी सक्तीची नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याने तिकडच्या एखाद्या यंत्रणेत तुमचा नंबर घालून "मामा, हा नंबर खोटा आहे" असं कळवलं तर घाबरून जाऊ नका.

नंबर वाचता आला, पण तो खरा आहे का? ते ओळखायची विद्या मला बँकेतल्या एका बंदूकधारी रखवालदाराने शिकवली.

१९९८ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत होते. आमच्याकडे सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार रखवालदार म्हणून होते. साताऱ्याकडे अशी माणसं घरोघर. हे लष्कराच्या वाहनदुरुस्तीच्या तुकडीत वीस वर्षं काढून आलेले होते. शाखेत वाहनकर्जाचं प्रकरण आलं की चॅसी नंबरचा छाप घ्यायचं काम आपोआप त्यांच्याकडे जायचं. छाप म्हणजे पातळ कागद नंबरावर धरायचा, वरून शिसपेन्सिल आडवी घासायची, पांढरी अक्षरं काळ्यात उमटली की वर चिकटपट्टी लावायची आणि तो कागद फाइलीला जोडायचा. लहानपणी नाण्याचा छाप घेत असू, तसाच. आरटीओच्या अर्जांनाही हाच छाप जोडला जातो. मी त्याला तोवर निव्वळ कागदोपत्री उपचार समजत होते.

एका शाळेतल्या गुरुजींनी जुन्या मारुती आठशेसाठी अर्ज केला होता. गाडी १९९१ची, किंमत ९५ हजार. वीस हजार विसारही देऊन झाला होता. गाडी देखणी होती, रंग नवा, आत मखमली कव्हरं. आरसीवरचा नंबर आणि पत्र्यावरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळत होता. हवालदारांनी छाप माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, ह्यातलं शेवटचं तीन आकडं कारखान्यातलं न्हाईत." मला काही दिसेना. त्यांनी कागद उजेडाकडे धरला. आधीच्या आकड्यांभोवतीची काळी जमीन सपाट होती. शेवटच्या तिन्हींभोवती बारीक समांतर ओरखडे उमटले होते, कानशीने घासल्यावर पडतात तसे. वर रंगाचा थर असल्यामुळे डोळ्यांना ते दिसत नव्हते, पेन्सिलीने शोधून काढले होते. शिवाय ते तीन आकडे बाकीच्यांहून खोल बसले होते आणि त्यांतला सात किंचित कललेला होता. कारखान्यात नंबर ठोकतात तो एका दाबाने, एका ओळीत. हातोडी आणि छिन्नीवाल्याचा हात तीन वेळा सारखा पडत नाही.

आम्ही कर्ज नाकारलं. गुरुजींना कारण सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण त्यांच्या डोळ्यांसमोर वीस हजारांचा विसार होता. "बाई, गाडी चालते तर उत्तम हो," एवढंच म्हणाले. विकणाऱ्याने आणखी दहा हजार कमी केले, गुरुजींनी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि गाडी घेतली. पावणेदोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातले पोलिस आले आणि गाडी घेऊन गेले. ती चोरीची होती. गुरुजी चोर नव्हते हे पोलिसांनाही कळत होतं, तरी त्यांना जबाबासाठी सहा-सात खेपा घालाव्या लागल्या. विकणारा दिलेल्या पत्त्यावर नव्हता. पतसंस्थेचा हप्ता मात्र पुढची तीन वर्षं त्यांच्या पगारातून कापला जात होता. पगार आमच्या शाखेत जमा व्हायचा, म्हणून ती कपात मी दर महिन्याला पाहत असे.

बरेच सज्जन लोक इथे एक गोष्ट विसरतात. 'मी पैसे मोजलेत, पावती आहे, माझ्या मनात पाप नव्हतं' एवढ्याने गाडी आपली होत नाही. १९३० सालच्या माल विक्री कायद्याचं साधं तत्त्व असं, की ज्याच्याकडे मुळात मालकी नाही त्याला ती दुसऱ्याला देता येत नाही. चोरीची वस्तू दहा प्रामाणिक हातांतून फिरली तरी ती पहिल्या मालकाचीच, किंवा त्याला भरपाई देऊन मोकळ्या झालेल्या विमा कंपनीची. दहावा प्रामाणिक माणूस फक्त नवव्याला शोधत फिरतो.

घासलेला नंबर पुन्हा वाचता येतो, हे मला पुढे कादंबरीच्या निमित्ताने माहिती गोळा करताना कळलं. नंबर ठोकताना त्याखालचं पोलाद आतपर्यंत दबलेलं असतं. वरचा थर कानशीने काढून टाकला तरी दबलेला भाग आणि न दबलेला भाग यांच्यावर आम्ल सारखं चढत नाही. न्यायसहायक प्रयोगशाळेत त्या जागी आम्लाचं द्रावण लावतात आणि पुसलेला आकडा हळूहळू वर येतो. पण तोवर गाडी पोलिस ठाण्याच्या आवारात गेलेली असते आणि तिच्यावर वेल चढायला लागलेला असतो.

आजकालचे उद्योगी लोक कानशीच्या भानगडीत कमी पडतात. ते अख्खं जन्मनावच दुसऱ्या गाडीकडून घेतात. एखादी गाडी अपघातात इतकी चेपते की विमा कंपनी तिला 'संपूर्ण नुकसान' ठरवते. मालकाला पैसे मिळतात, सांगाडा भंगारवाल्याला विकला जातो. सांगाड्याबरोबर आरसीही गेली, तर भंगारवाल्याच्या हातात लोखंडापेक्षा मौल्यवान वस्तू येते, एक खरं, सरकारदरबारी नोंदलेलं, निष्कलंक नाव. मग त्याच रंगाची, त्याच मॉडेलची गाडी चोरली जाते, मेलेल्या गाडीचा नंबर असलेला पत्र्याचा तुकडा कापून चोरीच्या गाडीला डकवला जातो आणि मेलेली गाडी रस्त्यावर फिरू लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५प्रमाणे नष्ट झालेल्या गाडीची खबर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला द्यायची आणि आरसी परत करायची असते. गाडी रीतसर मोडीत काढताना चॅसी नंबराचा तुकडा कापून वेगळा ठेवतात तोही याचसाठी. माणसाचा मृत्यूचा दाखला आपण धावपळ करून काढतो, कारण त्याशिवाय बँक पैसे देत नाही. गाडीच्या मृत्यूचा दाखला काढायला कुणी जात नाही, कारण पैसे आधीच मिळालेले असतात.

म्हणून नंबर नुसता वाचू नका, त्याच्या आजूबाजूला बघा. काही गाड्यांत तो बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर असतो, काहींत चालकाशेजारच्या सीटखाली, गालिच्याची छोटी झाकणी उचलली की दिसतो. दाराच्या खांबावर एक पट्टी किंवा स्टिकर असतो, काही गाड्यांत पुढच्या काचेच्या कोपऱ्यातही. सगळीकडे एकच नंबर हवा. नंबराभोवती चौकोनी वेल्डिंगची रेघ, तेवढ्याच भागावर ताजा रंग, वेडेवाकडे आकडे यांतलं काही दिसलं तर गाडी कितीही आवडलेली असो, घरी परत यायचं. इंजिनाचा नंबर वेगळा निघाला तर मात्र लगेच आरोप करू नये. इंजिन बदलता येतं. फक्त तो बदल आरसीवर नोंदलेला असायला हवा.

पत्रा झाला, आता वह्या. माझी सगळी नोकरी वह्या जुळवण्यात गेली. रोज संध्याकाळी कॅश आणि लेजर जुळल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नसे. त्यामुळे मला हा सगळा प्रकार ओळखीचा वाटतो. गाडीचा इतिहास एका ठिकाणी लिहिलेला नसतो. तो चार वह्यांत विखुरलेला असतो आणि चारही वह्यांना जोडणारा धागा म्हणजे हा चॅसी नंबर.

पहिली वही आरटीओची. 'वाहन' या सरकारी नोंदीत आता घरबसल्या पाहता येतं, की गाडी कधी नोंदली, विमा कधीपर्यंत आहे, बोजा आहे का. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, ते ठीकच आहे. पण विकणाऱ्याने स्वतः आपल्या मोबाइलवर आरसी उघडून दाखवायला काय हरकत आहे? जो ती दाखवायला कुरकुरतो त्याच्याशी व्यवहार कशाला? दंडाची ई-चलनंही पाहावीत. ज्या गावाला गाडी कधी गेलीच नाही तिथलं चलन निघालं, तर त्याच नंबरची दुसरी गाडी कुठेतरी फिरत असण्याची शक्यता असते.

दुसरी वही पोलिसांची. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने 'वाहन समन्वय' नावाची सोय केली आहे. त्यात गाडीचा नंबर, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर दिला की ती चोरीच्या नोंदीत आहे का ते कळतं आणि तसा दाखलाही काढता येतो. आमच्या गुरुजींच्या काळी हे नव्हतं. आज आहे, आणि माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी जुन्या गाड्या घेतल्या त्यांच्यापैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं.

तिसरी वही बँकेची, म्हणजे माझ्या माहेरची. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा चढतो. कर्ज फिटलं की बँक ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ देते. तो घेऊन आरटीओकडे जाऊन बोजा उतरवायचा असतो. लोक काय करतात? शेवटचा हप्ता भरल्याच्या आनंदात दाखला कपाटात ठेवतात. सात वर्षांनी गाडी विकायला काढली की बोजा तसाच, दाखल्याची मुदत संपलेली. मधल्या काळात बँकाही एकमेकींत विलीन झालेल्या, शाखा हललेली, आणि काउंटरवरच्या पोराला जुन्या बँकेचं नाव सांगितलं तर तो इतिहासाच्या पुस्तकातलं ऐकल्यासारखा बघतो. हा झाला प्रामाणिक आळस. उलट बाजूला, कर्ज थकलेलं असताना बनावट ना हरकत दाखला दाखवून गाडी विकणारेही असतात. त्यांचे लेटरहेड आमच्यापेक्षा सुबक असतात. म्हणून दाखल्यावर छापलेल्या फोनवर चौकशी करू नये. शाखेचा नंबर आपण स्वतः शोधावा, किंवा सरळ विकणाऱ्याला घेऊन शाखेत जावं. आणि बोजा उतरल्याचं 'वाहन'मध्ये दिसेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत.

इथे विकणाऱ्यालाही दोन शब्द सांगायला हवेत. आपल्याकडे सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० दलालाच्या हातात देऊन लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. सुटका झालेली नसते. गाडी विकल्याचं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०१८ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गाडी हातोहात कितीही पुढे गेली असली तरी नोंदीत ज्याचं नाव आहे तोच भरपाईच्या दृष्टीने मालक. त्या प्रकरणात अपघात दुसऱ्याच्या हातून झाला होता आणि एक मूल दगावलं होतं. डिसेंबर २०२२च्या नियमांनुसार, १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची नोंदही होते. ज्याच्याकडे असं अधिकारपत्र नाही त्याच्या दुकानात कॉफी कितीही चांगली मिळत असो, गाडी देऊ नये.

चौथी वही विम्याची. ती मात्र आपल्यासाठी बंद आहे, आणि माझी खरी तक्रार तिच्याबद्दल आहे.

'वाहन'चा उतारा काढलात तर त्यात विम्याची मुदत दिसते, पण गाडी कधी चेपली होती का, पाण्यात बुडाली होती का, कंपनीने तिला 'संपूर्ण नुकसान' ठरवून पैसे मोजले होते का, याचा रकानाच त्यात नाही. एक छोटी फट आहे, ती सांगून ठेवते. विकणाऱ्याच्या विमापत्रावर 'नो क्लेम बोनस' लिहिलेला असतो. एक वर्ष दावा न करणाऱ्याला २० टक्के, आणि पाच वर्षांत चढत चढत तो ५० टक्क्यांवर जातो. सहा वर्षं एकाच मालकाकडे असलेली, "एक ओरखडासुद्धा नाही" अशी गाडी, आणि बोनस मात्र शून्य? मग एकतर विमा मध्ये बराच काळ तुटला होता किंवा गेल्याच वर्षी दावा झाला होता. दोन्ही विचारण्यासारखे प्रश्न आहेत. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येही चॅसी नंबरावर गाडीचा इतिहास असतो, किती किलोमीटरला कुठलं काम झालं तेही. मीटर मागे फिरवणारा तिथली नोंद फिरवू शकत नाही. पण हे सगळं विकणाऱ्याच्या मर्जीवर. हक्काने मागावं असं काही नाही.

२६ जुलै २००५ला मुंबईत पाणी भरलं, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी तेव्हा सोलापुरात होते. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे जुन्या गाड्यांच्या कर्जाचे अर्ज अचानक वाढले. गाड्या मुंबईच्या, किंमत बाजारभावापेक्षा पंचवीस-तीस हजारांनी कमी, आतून अत्तराचा भपका. कागदपत्रं निर्दोष. चॅसी नंबर अस्सल. कुठल्याही वहीत काही लिहिलेलं नाही. आमच्या पॅनेलवरच्या मेकॅनिकने सीटचे रूळ आणि डॅशबोर्डमागच्या वायरी तपासल्या म्हणून काही प्रकरणं थांबली. ज्यांनी रोखीने घेतल्या त्यांना पुढच्या दोन वर्षांत वायरिंगने चांगलंच रडवलं.

त्याच वर्षी, मुंबईनंतर जेमतेम महिन्याने, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहर कॅटरिना वादळात बुडालं. बुडालेल्या गाड्या तिकडेही स्वच्छ करून दूरच्या राज्यांत विकायला निघाल्या, माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच. पण तिथल्या विमा कंपन्यांच्या गुन्हेप्रतिबंधक संस्थेने बुडालेल्या गाड्यांच्या चॅसी नंबरांची यादी करून ती लोकांसाठी फुकट खुली केली. नंबर घाला, गाडी बुडाली होती का पाहा. १९९२ सालच्या त्यांच्या कायद्याने विमा कंपन्या आणि भंगारवाले यांना अशा गाड्यांची माहिती एका राष्ट्रीय नोंदीत देणं भाग आहे, आणि २००९पासून सामान्य गिऱ्हाइकालाही ती थोड्या पैशांत पाहता येते. तिथे मालकीच्या कागदावरच 'पुरात सापडलेली', 'मोडीतून उभी केलेली' असे शिक्के बसतात. ती व्यवस्था निर्दोष आहे असं नाही, एका राज्यातला शिक्का दुसऱ्या राज्यात धुऊन काढणारे तिथेही आहेत. पण वही उघडी आहे.

आपल्याकडेही वही आहेच. विमा कंपन्यांची माहिती एकत्र करण्यासाठी २००९ सालीच भारतीय विमा माहिती ब्युरो स्थापन झाला. दावा मंजूर करताना कंपनी चॅसी नंबर लिहिल्याशिवाय पुढे सरकत नाही, हे मी बँकेच्या टेबलावरून शेकडो वेळा पाहिलं आहे. म्हणजे माहिती आहे, नंबरावर लावलेली आहे. ती 'वाहन'च्या उताऱ्यात एका ओळीने जोडायची आहे. 'संपूर्ण नुकसान, अमुक साल', बस. मालकाचं नाव नको, दाव्याची रक्कम नको. काही जण म्हणतील यात गोपनीयतेचा प्रश्न येतो. गाडीला कसली गोपनीयता? बुडाली ती गाडी, मालकाची अब्रू नाही. नुकसान होईल ते बुडालेली गाडी न सांगता विकणाऱ्याचं, आणि ते व्हायलाच हवं. माहितीशिवाय गिऱ्हाईक दोन गोष्टी करतं. एकतर फसतं, किंवा फसू नये म्हणून प्रामाणिक विकणाऱ्यालाही कमी भाव देतं. ज्याने गाडी लेकरासारखी जपली तो या बंद वहीची किंमत रोज मोजतो आहे.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१च्या जुलैमध्ये चिपळूण. चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी ओसरल्यावर एकमेकींवर चढलेल्या गाड्यांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. त्या सगळ्याच काही भंगारात गेल्या नसणार. धुऊन, वाळवून, पॉलिश होऊन त्यातल्या कितीतरी पुन्हा रस्त्यावर आल्या असतील आणि त्यांच्या चॅसी नंबरात खोट काढायला जागा नसेल.

ती चौथी वही उघडेपर्यंत निदान एक करा. तुमच्याकडचे 'गाडीतलं कळणारे' काका टायरला लाथा घालत असतील तेव्हा तुम्ही मागच्या सीटवर बसा आणि सीटबेल्ट हळूहळू अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. गाडी धुणारा सहसा तेवढा पट्टा ओढत नाही. आतल्या गुंडाळीत राहिलेल्या दोन-चार हातांवर मातीचा पिवळट डाग आणि त्याच्या वरच्या कडेला पाण्याची रेघ आहे का, ते बघा.